आधी छप्पर की आधी शील?



वस्तीच्या कडेला कोणी दारू पिऊन पडलेला असला म्हणजे येणारा-जाणारा काय म्हणतो? "पडू द्या. ज्याचं त्याचं कर्म." आणि त्याच माणसाची बायको दोन लेकरे पदराशी घेऊन मलकापूरच्या नाहीतर खामगावच्या बसस्टँडवर रात्र काढीत असली म्हणजे? तेव्हा म्हणतात, "बिचारी." पहिल्याच्या वाट्याला राग, दुसरीच्या वाट्याला कीव. रात्रीपुरते छप्पर मात्र दोघांच्याही वाट्याला नाही.

"ज्याचं त्याचं कर्म" हे शब्द आपल्याकडे कोठून आले, हे जरा तपासून पाहा. आपल्या आजा-पणजांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांच्या तोंडी हेच शब्द होते. मागल्या जन्मीचे पाप म्हणून हा जन्म असा, एवढे सांगितले की सांगणाऱ्याची जबाबदारी संपत असे. देव्हाऱ्यातले देव आपण बाहेर काढले, पण ही भाषा अजून पुष्कळांच्या घरात आहे.

आज गावोगावी विहारे आणि समाजमंदिरे उभी आहेत. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि वर्षावासातील ग्रंथवाचन एवढे दिवस सोडले तर पुष्कळांना कुलूप असते. त्यातील एक खोली बेघर कुटुंबासाठी किंवा दारू सोडू पाहणाऱ्यासाठी उघडावी असे कोणी सुचवले, की बैठकीत एक प्रश्न हमखास उठतो. पंचशील मोडणाऱ्याला विहारात घ्यायचे कसे? आधी दारू सोड, मग ये, असे का सांगू नये? हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. बहुधा तो स्वतः निर्व्यसनी असतो आणि मोठ्या कष्टाने तसा राहिलेला असतो. म्हणून त्याला हसून टाळणे बरे नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा सतरावी आहे. प्रश्न विचारणारा तिच्यावर बोट ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या चार पावले आधी तेरावी आहे, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची. दोन्ही प्रतिज्ञा एकाच दिवशी, एकाच तोंडाने घेतल्या. ज्याने सतरावी मोडली त्याच्यापुरती तेरावी रद्द होते, असे कोठेही म्हटलेले नाही. शिवाय प्रतिज्ञा "मी" या शब्दाने बांधलेली आहे. शीलही तसेच. वंदनेत आपण "समादियामि" म्हणतो, म्हणजे मी ग्रहण करतो. शील हे स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याच्या कपाळावर ते चिकटवता येत नाही, आणि ते दाराशी तपासायचे तिकीटही नव्हे.

आता विनयपिटकातील एक गोष्ट ऐका. भिक्खूंना मद्य वर्ज्य करणारा नियम कसा झाला, याची ही हकीकत आहे.

सागत नावाचे एक भिक्खू होते. एका जटाधारी तापसाच्या आश्रमातील विषारी नागाला त्यांनी नमवले म्हणून त्यांची फार ख्याती झाली. पुढे ते कोसंबी नगरीत आले. लोकांना त्यांचा सत्कार करायचा होता. भिक्खूंना दुर्मीळ असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले, तेव्हा काही उडाणटप्पू भिक्खूंनीच एका जातीच्या मद्याचे नाव सांगितले. मग घरोघरी ते तयार झाले. सागत भिक्षेला निघाले, दारोदारी लोकांनी आग्रह केला, दारोदारी ते प्याले, आणि नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळले. (लग्नाच्या मांडवात आणि निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे काय चालते ते आठवा. माणूस पुष्कळदा मानापोटीच पहिला पेला घेतो आणि तो पाजणारे प्रतिष्ठित असतात.)

तथागत भिक्खूंसह त्याच वाटेने येत होते. त्यांनी वेशीत पडलेल्या सागतांना पाहिले. त्या क्षणी त्यांनी काय केले असेल? उपदेश केला नाही, पुढेही निघून गेले नाहीत. याला उचला, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. भिक्खूंनी सागतांना आरामात, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागी नेले आणि तथागतांच्या बाजूला डोके करून निजवले. नशेत सागत उलटे फिरले आणि त्यांचे पाय तथागतांकडे झाले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंनाच विचारले, हा पूर्वी आदराने वागत असे ना? आता वागतो आहे का? नागाला नमवणारा हा भिक्खू आज साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल का? ज्याने माणसाचे भान हरपते ते प्यावे का? भिक्खू नाही म्हणाले, आणि मग नियम झाला.

क्रम नीट ध्यानात घ्या. आधी उचलून आत आणले, मग नियम सांगितला. नियम ढिला केला नाही. तो आजतागायत आहे. पण तो मोडणाऱ्याला संघाबाहेर काढण्याची शिक्षा ठेवली नाही. दुसऱ्या भिक्खूपाशी दोष कबूल करायचा आणि पुन्हा चालू लागायचे, एवढेच. संघातून कायमचे घालवणारे अपराध वेगळे आहेत आणि ते चारच आहेत. मद्यपान त्यांत नाही. हेच सागत पुढे अर्हत झाले आणि तेजोधातूत कुशल अशा भिक्खूंमध्ये अग्र म्हणून त्यांचे नाव आले. वेशीतल्या धुळीत त्यांना तसेच सोडले असते, तर हे घडले असते का?

ही झाली धम्माची बाजू. शरीराची बाजूही समजून घ्या, कारण येथे अज्ञानाने माणसे मरतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर पहिल्याच दिवशी हातांना कापरे सुटते, झोप उडते, घाम फुटतो. कोणाला फेफरे येते. दोन-तीन दिवसांत काहींना भास होऊ लागतात, भान जाते, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. "आधी सोड, मग ये" हे ज्याला आपण सांगतो, त्याला ते तीन दिवस फुटपाथवर, एकट्याने काढायला सांगतो. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर दिसला की आपण म्हणतो, बघा, याला सोडायचीच नव्हती. त्या तीन दिवसांत डॉक्टर, अंथरूण आणि शेजारी बसणारा माणूस लागतो.

आणि तीन दिवसांनी काम संपत नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला आर्थिक मदत दिली. तेथील रीत अशी की व्यसन हा आजार मानायचा, आणि सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली तर माणसाला पुन्हा उभे करायचे. आयुष्यभराची शपथ घालण्याऐवजी "फक्त आजचा दिवस" असे तेथे सांगतात. ही पद्धत १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेची आहे. आपल्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही. उपोसथाच्या दिवशी उपासक अष्टशील घेतो ते एका दिवस-रात्रीपुरतेच ना? एक दिवस पेलवेल एवढे ओझे द्यावे, ही समज धम्मात फार जुनी आहे. पंचशील तरी आपण एकदाच घेऊन का थांबत नाही? प्रत्येक वंदनेला पुन्हा का घेतो?

दाराशी उभे करून चौकशी करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवायला नको. चोखामेळ्यांचे जन्मगाव परंपरेने आपल्याच जिल्ह्यातले, देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा मानतात. त्यांच्या अभंगांच्या ओढीने पंढरपूरला गेलेल्या अस्पृश्य यात्रेकरूला तेथल्या धर्मशाळांत पाठ टेकायला जागा नव्हती. आधी जात विचारली जाई. म्हणून गाडगे महाराजांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

गाडगे महाराजांचे बालपण पुष्कळांना ठाऊक नसते. वडील झिंगराजी दारूपायी खंगून गेले, घर मोडले, आणि आई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाने दार उघडले. दारुड्याची बायको आणि दारुड्याचा पोर म्हणून त्याने त्यांना परतवले नाही. पुढे त्याच डेबूने स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातले, आणि जन्मभर दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या.

कोणी म्हणेल, जात माणसाच्या हातात नव्हती, पेला हातात आहे, तेव्हा दोन्ही सारखे कसे? सारखे नाहीतच. पिणाऱ्याची जबाबदारी मी काढून घेत नाही. माझे म्हणणे एवढेच की जबाबदारी उचलायला माणूस आधी शुद्धीत, जिवंत आणि कोणाच्या तरी नजरेसमोर असावा लागतो.

पण करुणेच्या नावाखाली एक मोठा अन्याय होतो, तो येथे बोललाच पाहिजे. नवरा मारतो, मजुरीचे पैसे गुत्त्यात घालतो, आणि चार वडीलधारी येऊन सुनेला सांगतात, "सांभाळून घे बाई, आजारी आहे तो." ही करुणा नव्हे. आपले ओझे तिच्या डोक्यावर टाकणे आहे. तथागतांनी सागतांना उचलायला संघाला सांगितले, एखाद्या दुबळ्या माणसाला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि गरज पडल्यास मारणाऱ्याला घराबाहेर राहण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. म्हणजे बसस्टँडवर तिने का जावे? ती आणि लेकरे घरातच राहावीत आणि निवारा त्याला द्यावा, हा विचार पुष्कळदा अधिक न्यायाचा ठरतो. ती जीव मुठीत धरून बाहेर पडलीच, तर तिची निजण्याची जागा त्याच्यापासून वेगळी आणि दूर हवी. तो शुद्धीवर आला म्हणून तिने परत गेलेच पाहिजे, अशी अटही कोणी घालू नये.

आपल्या जिल्ह्यात हे काम अगदीच अनोळखी नाही. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे पालवे दांपत्याचे सेवासंकल्प प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना तेथे आणतात, न्हाऊ-माखू घालतात, उपचार करतात, आणि पत्ता सापडला तर घरी पोचवतात. ज्यांच्या अंगाला वास येतो, ज्यांना स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्यांना तेथे जागा आहे. त्यांच्याकडून आधी शील कोण मागणार? पटाचाराची कथा आपल्या उपासिकांना माहीत आहे. पती, मुले, आईबाप सारे गमावून ती वेडीपिशी, उघडी फिरत जेतवनात आली तेव्हा लोक म्हणाले, या वेडीला आत येऊ देऊ नका. तथागत म्हणाले, येऊ द्या. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. धम्म तिने नंतर ऐकला.

सरकारची रीत मात्र पुष्कळ काळ उलटी होती. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात पहिल्यांदा सापडलेल्या भिकाऱ्याला एक ते तीन वर्षे कोंडून ठेवण्याची तरतूद झाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारे बांधायचे ठरले, आणि एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असा हिशेब धरला गेला. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यातील एकाही शहराची लोकसंख्या लाखावर नव्हती. लाखाच्या मापाने मोजले तर आपल्या तालुक्याच्या गावांच्या वाट्याला काय येणार? बाहेर देशांत या प्रश्नाचा अनुभव आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेने बेघर मनोरुग्णांना, व्यसनाची अट न घालता, सरळ राहायला घरे दिली. फिनलंडने २००८ पासून हेच देशाचे धोरण केले आणि तेथील दीर्घकाळ बेघर राहणाऱ्यांची संख्या कमी होत गेली. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण आपण येथे एका खोलीबद्दल बोलत आहोत.

विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधले, तेव्हा ते कोणाला द्यावेत, असे त्याने विचारले. चारी दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना दे, असे तथागतांनी त्याला सांगितले. अजून न आलेला कसा असेल, हे दान देणाऱ्याला कोठे ठाऊक होते?

तेव्हा पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्या. विहाराच्या आवारात दारू आणायची नाही, पिऊन दंगा करायचा नाही, बायकामुलांवर हात उचलायचा नाही, हे नियम भिंतीवर लिहा आणि कडक पाळा. प्यालेला माणूस आला तर त्याला एकट्याने निजवू नका. पाळीपाळीने दोघे जण जागे राहा, आणि कापरे, फेफरे किंवा भास दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता जिल्हा रुग्णालयात न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि स्त्रियांसाठी १८१ हे सरकारी दूरध्वनी आहेत. ते दारावर रंगवून ठेवा. स्त्रिया-मुलांची सोय शक्यतो एखाद्या उपासिकेच्या घरी करा आणि ते घर कोणते हे चारचौघांत सांगू नका. घोंगड्या, पाण्याचा माठ आणि कंदील किंवा बॅटरी एवढे सामान आधी जमवा. आणि किल्ली अशा माणसाकडे ठेवा, जो रात्री दोन वाजता हाक मारली तर उठेल.