मुळांची ओढ : मोह की स्मृती?

मनुष्याचे गाव कोणते? ज्या भूमीत त्याचे आजे-पणजे राबले आणि जिच्या मातीत ते मिळून गेले ती भूमी, की जेथे त्याने स्वतः घाम गाळला, घर बांधले व मुले वाढविली ती? एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. कारण त्याच्यापुरती दोन्ही उत्तरे एकच असतात. पोटासाठी देशांतर करणाऱ्यालाच तो पडतो. आणि तोही तारुण्यात नव्हे, तर उतारवयात, हातांचे काम सरते व मनाला मागे वळून पाहण्याची सवड मिळते तेव्हा.

छत्तीसगढातील भिलाई हे नगर अशाच देशांतर केलेल्या माणसांनी वसविलेले आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याविषयी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या उजेडाकडे सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भ तर जवळच. नागपूरपासून दुर्ग लोहमार्गाने सुमारे 265 किलोमीटर. त्यामुळे मराठी कुटुंबेही पुष्कळ आली. नोकरी असेतो ती कारखान्याच्या वसाहतीत राहिली. निवृत्तीनंतर ते घर सोडणे प्राप्तच होते. तेव्हा कोणी गावी परतले, तर कोणी जवळच्या नेहरू नगरासारख्या वस्तीत स्वतःचे घर बांधून कायमचे येथलेच झाले.

नेहरू नगरातील अशा एका वृद्ध गृहस्थाची कल्पना करावी. भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात त्याची वडिलोपार्जित शेती आहे. सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे. परंतु चाळीस वर्षे ती जमीन चुलतभाऊच कसतो आहे. घरची कुलदेवता, नवरात्रातील घट, आईवडिलांच्या तिथी हे सारे तोच सांभाळतो. एके दिवशी त्या भावाचे पत्र येते : ‘दादा, आता वय झाले. मुलाच्या नावे कर्ज काढून विहीर बांधावयाची आहे. आपले हक्कसोडपत्र मिळाले तर बरे होईल.’ गृहस्थाला पैशाची ददात नाही. तरीही त्याची लेखणी उचलत नाही. तो म्हणतो, ‘सही केली की गावाशी असलेले माझे नाते संपले. मुळेच तुटली.’ त्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते पाणी खोटे नसते.

येथे विचारावयाचे ते एवढेच की, हे पाणी स्मृतीचे आहे की मोहाचे?

गीतेच्या वाचकाला या प्रश्नाची ओळख पहिल्या अध्यायापासून असते. रथ दोन्ही सेनांच्या मध्ये उभा राहताच अर्जुनाने जो युक्तिवाद मांडला, त्याचा मोठा भाग कुळाविषयीच होता. कुळ बुडाले तर कुलधर्म बुडतील, पितरांना पिंड व उदक मिळेनासे होईल, असे त्याचे म्हणणे. यातील एकही शब्द शास्त्राला सोडून नाही. नवल असे की, श्रीकृष्णांनी या युक्तिवादाचे मुद्द्याला मुद्दा लावून खंडन केले नाही. कुलधर्म खोटा आहे असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी कुलधर्माचे बोट धरून आलेली मनाची दुर्बलता तेवढी ओळखली. धर्माचे शब्द खरे असूनही ते ज्या ठिकाणाहून येतात ते ठिकाण मोहाचे असू शकते, हा गीतेचा पहिला धडा आहे. आणि नेहरू नगरातील त्या गृहस्थालाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

मग गीता मुळांच्या विरुद्ध आहे काय? वरवर पाहता तसे वाटते. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी, घर यांच्या ठायी चिकटून न राहणे हे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. पंधराव्या अध्यायात तर संसाराला अश्वत्थाची उपमा देऊन, खोल रुजलेल्या त्या वृक्षाला असंगाच्या शस्त्राने छेदावे, असेच म्हटले आहे. परंतु दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंत म्हणतात की, सर्व वृक्षांमध्ये मी अश्वत्थ आहे, आणि पितरांमध्ये मी अर्यमा आहे. एकाच ग्रंथात अश्वत्थ वंद्यही आहे आणि छेद्यही आहे. विरोध वृक्षात नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे. ‘हा माझा’ म्हणून त्याला मिठी मारली की तो बंधन होतो. ‘हा त्याचा’ म्हणून त्याला नमस्कार केला की तो विभूती होतो. शिवाय त्या अश्वत्थाची मूळे वर आहेत, हेही विसरता येत नाही. मनुष्याचे खरे मूळ मातीखाली कोठे शोधावयाचे नाही, असा त्याचा इशारा आहे.

सर्वांत बोलका आहे तो गीतेचा शेवट. अठरा अध्याय ऐकून झाल्यावर अर्जुनाने आपल्या अवस्थेचे वर्णन केले ते दोन गोष्टींत : मोह गेला आणि स्मृती परत आली. स्मृती गेली असे तो म्हणत नाही. म्हणजे मोहाचा नाश व स्मृतीचा लाभ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. किंबहुना मोह हाच स्मृतीवरचा पडदा आहे. दुसऱ्या अध्यायातही विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड दाखविली आहे, तीत मोहापासून स्मृतीचा भ्रंश होतो असेच सांगितले आहे. ज्याला मुळांची ओढ असल्यासारखे वाटते, त्याने म्हणून स्वतःला विचारावे : या ओढीने मला माझे कर्तव्य अधिक स्पष्ट आठवते, की अधिक अंधुक होते?

छत्तीसगढच्याच भूमीत या प्रश्नावर एक लहानशी पण मार्मिक कथा लिहिली गेली. ती लिहिणारे पंडित माधवराव सप्रे (1871–1926) हे मराठी घराण्यातील. त्यांनी 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थांचा दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा त्याच मासिकात 1901 साली प्रसिद्ध झाली. एका जमीनदाराने आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी एका अनाथ विधवेची झोपडी कायद्याच्या जोरावर घेतली. त्या झोपडीतच तिचा पती व पुत्र वारले होते. आता पाच वर्षांची नात एवढाच आधार. झोपडी सुटल्यापासून त्या मुलीने अन्न सोडले. आपल्या घरी गेल्यावाचून ती जेवेना. तेव्हा म्हातारीने जमीनदाराकडे टोपलीभर माती मागितली. त्या मातीची चूल करून तिच्यावर भाकरी भाजली तर पोरीच्या पोटात घास जाईल, एवढीच तिची आशा. टोपली भरल्यावर तिने जमीनदारालाच हात लावण्यास सांगितले. पण ती त्याला उचलेना. तेव्हा ती म्हणाली की, एक टोपली उचलत नाही, तर येथल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडले व त्याने झोपडी परत केली.

माती एकच, परंतु जमीनदाराच्या हातात ती मत्ता आहे, आणि म्हातारीच्या टोपलीत ती चूल आहे. मत्तेचे ओझे होते; चुलीवर दुसऱ्यासाठी अन्न शिजते. वडिलोपार्जित मातीशी मनुष्याचे जे नाते असते त्याची परीक्षा या एका कसोटीवर करता येते. त्या मातीतून कोणाच्या तरी मुखात घास जातो काय? नेहरू नगरातील गृहस्थ हक्क राखून ठेवतो तो घास देण्यासाठी नव्हे. उलट त्यामुळे भावाच्या शेतातील विहीर अडते. मग त्याच्या सातबाऱ्यावरील नावाला मूळ म्हणावे की ओझे?

सप्रे यांचे स्वतःचे जीवनही याच प्रश्नाचे एक उत्तर आहे. मराठी हे त्यांचे मूळ. सेवा केली ती हिंदीची. मूळ सोडले असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही, कारण त्या मुळातील जे सर्वांत पौष्टिक, ते दासबोध व गीतारहस्य, त्यांनी दुसऱ्या भाषेच्या ओंजळीत घातले. तसेच मुक्तिबोध बंधूंचे. गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) यांनी 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले आणि हिंदी काव्यात युगप्रवर्तक स्थान मिळविले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी व समीक्षक म्हणून मान्यता पावले. एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन अंगणांत वाकल्या. त्यांत कोणती मुळाशी प्रामाणिक, असे विचारणे व्यर्थ आहे. फळ दोहींनाही आले.

मुळांची ओढ ही काही एकट्या हिंदी माणसाची गोष्ट नव्हे. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या काही वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ पडला. सुमारे 10 लाख माणसे मेली व त्याहून अधिक परदेशी गेली. त्यांचे वंशज आजही अमेरिकेहून समुद्र ओलांडून तेथील खेड्यांत येतात. चर्चच्या जुन्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद शोधतात, पडक्या घराच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहतात. 1922 सालच्या यादवीत डब्लिनचे दप्तरखाने जळाले, म्हणून त्या वह्यांचे मोल अधिकच. नाशिकला व त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहून ज्याचे अंग शहारले असेल, त्याला ती भावना समजावून सांगावी लागणार नाही. त्या परदेशस्थांना त्या घरावर हक्क सांगावयाचा नसतो. आपण कोणाच्या कष्टांतून आलो एवढेच जाणावयाचे असते. ही शुद्ध स्मृती होय.

पितृतर्पणाचा विधीही हेच शिकवितो. प्रथम पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे घेऊन उदक दिले जाते. परंतु ओंजळ तेथेच थांबत नाही; पुढे जे आपले बांधव नाहीत, ज्यांना उदक देणारे कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी पाणी सोडले जाते. आपल्या तीन नावांपासून निघून अखिल प्राणिमात्रांपर्यंत जाणारी ही वाट आहे. जो त्या तीन नावांपाशीच अडतो त्याने अर्धाच विधी केला. आणि ती तीन नावेही ज्याला ठाऊक नाहीत, त्याची वाट सुरूच झाली नाही.

भिलाईत राहणाऱ्याने या ओंजळीतील उदक आणखी एका दिशेला सोडले पाहिजे. कारखाना व नगर उभे राहिले ते ओसाड माळावर नव्हे. तेथे छत्तीसगढी शेतकऱ्यांची गावे होती, भाताची खाचरे होती. भिलाई हेही आधी एका खेड्याचेच नाव. बाहेरून आलेल्यांना मूळ धरता यावे म्हणून कोणाची तरी मुळे उपटली गेली. स्वतःच्या गावासाठी उसासे टाकणाऱ्याने शेजाऱ्याचे ते गाव विसरणे, ही कृतघ्नता होय. तिसऱ्या अध्यायात म्हटलेच आहे की, मिळालेले परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर होय.

आणि शेजाऱ्याकडे नीट पाहिले तर आपलेच मूळ तेथेही सापडते. विदर्भात ज्या अमावास्येला पोळा, त्याच दिवशी छत्तीसगढात पोरा. तेथे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात, येथे मातीचे बैल पूजतात. पोऱ्यानंतर लगेच तीजा येतो. तेव्हा बाप किंवा भाऊ जाऊन सासरच्या लेकीला माहेरी आणतो. स्त्रियांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. प्रत्येक विवाहिता आपले मूळ गाव सोडते, परक्या मातीत रुजते, तेथे वंश वाढविते. तरी माहेर तिला सुटत नाही. तेथे ती हक्काच्या उताऱ्यासाठी जात नाही. चार दिवस राहून, आईच्या हातचे खाऊन, भावाला आशीर्वाद देऊन परतते. मूळ गाव हे पुरुषाचेही माहेरच मानावे, म्हणजे अर्धे कोडे सुटते.

त्या गृहस्थाने मग काय करावे? ज्याला खरोखर गरज आहे त्याने आपला न्याय्य वाटा मागण्यात दोष नाही. फक्त त्याला मुळांची ओढ असे नाव देऊ नये. ज्याला गरज नाही त्याने सही करावी, आणि ती टपालाने न पाठविता स्वतः घेऊन जावे. मुलांना व नातवंडांना बरोबर न्यावे, कुलदेवतेपुढे बसवावे, जुन्या माणसांची नावे, त्यांची कष्टाची व चुकांचीही कहाणी सांगावी, नव्या विहिरीच्या खोदाईत आपल्या हाताने चार कुदळी मारून यावे. नातवंडांवर सक्ती मात्र करू नये, कारण त्यांचे जन्मगाव नेहरू नगर आहे आणि एके दिवशी हेच त्यांचे मूळ गाव ठरणार आहे. ते स्मरण करण्याजोगे होईल असे वागणे, हेही पितृऋण फेडण्याचाच एक प्रकार होय.

हक्क सोडता येतो. ऋण सोडता येत नाही. हक्काने बांधलेले नाते कागदाबरोबर संपते. ऋणाने बांधलेले नाते फेडता फेडता वाढतच जाते. लेखणी उचलताना त्या वृद्धाचा हात थरथरेल, हे खरे. परंतु सही झाल्यावर त्या खेड्यातील विहिरीला जेव्हा पाणी लागेल, तेव्हा त्याचे मूळ त्या मातीत पूर्वीपेक्षा अधिक खोल गेलेले असेल. आणि ते उपटण्याचे सामर्थ्य कोणत्याही कागदात असणार नाही.