घामाचा हिशेब

पनवेलजवळच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात आंब्याची एक जाड फांदी मोडून पडली होती. ती सुकत आली, आणि भाच्यानं परसात जुन्या पिंपाचा स्मोकर तयार केला. लाकडं हवीत म्हणून मी विजेवर चालणारी करवत आणली. कुऱ्हाडीनं दोन रविवार गेले असते असं काम तासाभरात आटपलं.

काम संपलं, पण हात थांबेना. त्याच झाडाला हाताच्या उंचीवर एक पानं झडलेली फांदी होती. वाळलेलीच असणार, असं धरून मी करवत टेकवली. उडालेला भुसा ओला होता. हे लक्षात येईपर्यंत फांदी खाली आली होती. ओल्या लाकडाचा धूर कडवट. ते काही महिने सुकवावं लागतं. म्हणजे ज्यासाठी कापली, त्यासाठीही ती त्या दिवशी निरुपयोगीच.

दोष कुणाचा? पहिलं उत्तर सोपं आहे: यंत्राचा. कुऱ्हाडीच्या पहिल्या घावाला साल उडते, आतला हिरवा रंग दिसतो. पाचव्या घावाला दम लागतो. दम घेताना माणूस वर बघतो, आणि कधी कधी विचारही करतो. थकवा हा गरिबाघरचा विवेकच म्हणायचा.

आमच्या भागातली पोपटी आठवली की हे आणखी पटतं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, हवी तर अंडी किंवा कोंबडी भरायची. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. त्यासाठी कुणी झाड पाडत नाही. आसपास जे वेचता येतं, तेवढ्यातच भागतं. माझ्याकडे मात्र करवत आधी आली आणि लाकडाची गरज तिच्या मागोमाग वाढत गेली.

इथवर माझं समाधान झालं होतं. मग वडील आठवले. त्यांच्या काळी वाडीत कुऱ्हाडच होती, पण ती त्यांच्या हातात कधीच नव्हती. पाड्यावरचा एक कातकरी गडी यायचा. वडील खुर्चीत बसून बोट दाखवायचे, तो तोडायचा. घाम त्याचा, निर्णय आमचा. त्याचा दम लागणं आम्हाला कधी विचार करायला लावत नव्हतं. उलट, ‘आज एवढंच?’ असं आम्ही विचारायचो. म्हणजे विजेची करवत यायच्या कितीतरी आधी आमच्याकडे न थकणारं हत्यार होतं. फक्त त्याला रोजावर बोलवावं लागायचं. श्रमाची थोरवी गाणाऱ्यानं आधी सांगावं, कुणाचे श्रम.

हत्यारात नीती नसते, हे इथून जवळच उरण तालुक्यातल्या चिरनेरनं केव्हाच दाखवलंय. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल तोडायला गेली, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातली काही मेली. ज्या जंगलावर आपण जगतो त्यावर हक्क कुणाचा, हा त्यांचा सवाल होता. तोडणं त्यांचंही होतं आणि माझंही. पण त्यांच्या तोडण्यामागे कारण होतं, आणि त्याची किंमत मोजायची तयारी होती. माझ्याकडे मोकळा रविवार होता.

म्हणून करवत मी विकली नाही. विकून ‘मी निर्दोष’ म्हणणं सोपं झालं असतं. एक नियम तेवढा केला: काय कापायचं ते आदल्या दिवशी ठरवायचं, करवत हातात नसताना. नखानं साल खरवडून बघायची, चुन्याची खूण करायची. दुसऱ्या दिवशी खुणेपलीकडे जायचं नाही. जो थांबा पूर्वी शरीर देत होतं, तो आता मुद्दाम घ्यावा लागतो.

ती ओली फांदी परसात रचून ठेवलीय. अजून सुकतेय. तोवर पोपटीला शेजारच्या शेतातला पेंढा पुरतो.