ओसाड वास्तूंचे आपण कोण?



धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर हे गाव आहे. सहाशे वर्षांपूर्वी खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा १३९९ साली वारला. त्याची व त्याच्या वारसांची थडगी तेथे आहेत, नदीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रजांनी तो किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले.

फारुकींचे राज्य १६०१ मध्येच अकबराने बुडवले. मग त्या थडग्यांची काळजी कोणी घ्यावी? आपल्याशी त्यांचे रक्ताचे नाते नाही, धर्माचेही नाही.

एक उत्तर सहज सुचते. वसईच्या किल्ल्यात आपली चर्चेस भग्नावस्थेत उभी आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पुढे तेथील भक्तजन पांगले, भिंती राहिल्या. त्या भिंतींचा मान इतरांनी राखावा असे आपल्याला वाटते. तर मग आपणही इतरांच्या वास्तूंचा मान राखावा.

हे खरे आहे, पण अपुरे आहे. यात देवघेवीचा हिशेब आहे. थाळनेरचे मृत राजे आपल्याला काय परत देणार? ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, तेथेच कर्तव्याची खरी कसोटी लागते.

संत थॉमस अक्विनास शिकवतात की, माणसाने वस्तू स्वतःजवळ जरूर बाळगाव्यात, पण त्यांचा उपयोग सर्वांसाठी आहे हे विसरू नये. हा विचार काळालाही लावून पाहू. चाळीसगावजवळ पाटणच्या देवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे त्यावरून कळते. तो दगड कोणी पायरीला लावला असता, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली नसती. म्हणजे आपण वारसाचे मालक नव्हे, विश्वस्त आहोत. ज्यांच्यासाठी तो राखायचा, त्यांपैकी पुष्कळजण अजून जन्मायचे आहेत.

येथे कोणी विचारील, "फादर, माणूस मोठा की दगड?" प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत कायद्याने नवे बांधकाम करता येत नाही. तेथे राहणाऱ्या गरिबाला घर वाढवता येत नाही, तेव्हा वारशाची किंमत तो एकटाच मोजत असतो. आमच्या मते माणूसच मोठा. परंतु त्यावरून स्मारक पाडावे असे ठरत नाही. त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा, एवढेच ठरते. जो वारसा सगळ्यांचा, त्याचा खर्चही सगळ्यांचा.

आपल्या राज्यघटनेनेही १९७६ पासून संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. आपल्या वाट्याला येणारे काम लहानच आहे. भिंतीवर नाव कोरू नये, घराच्या पायासाठी तेथला दगड आणू नये, कचरा टाकू नये. मुलांना घेऊन जावे आणि हे कोणी बांधले ते सांगावे. बांधणारे आपले नव्हते, हेही सांगावे. आणि तरीही आपण ते का जपतो, तेही.