आठवड्याचा नेम

दर आठवड्यास एक विषय मुक्रर करून, कधी सावली तर कधी पाणी, घराच्या चार भिंतींआडच त्याचे छायाचित्र टिपण्याचा नेम जो स्वखुशीने पत्करतो, तो साधना करीत असतो की नश्वर वस्तूंविषयीची आसक्तीच दप्तरी दाखल करीत असतो, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. क्षणभंगवादी बौद्ध म्हणेल की ओट्यावरील पितळी तांब्यावर उन्हाची तिरीप ज्या क्षणी पडली त्याच क्षणी ती सरली, आणि मागे उरला तो केवळ तिचा दस्तऐवज. आक्षेप बिनतोड खरा, पण तो चित्रास लागू पडतो; पाहण्यास पडत नाही. चित्त एका ठिकाणी बांधून ठेवण्यास पतंजलींनी धारणा म्हटले, आणि विषयाचे बंधन नेमके तेवढेच करते: त्या तांब्याच्या गळ्याशी, चिंचेने घासूनही न गेलेली, एरवी नजरेतून सुटणारी हिरवट रेघ दिसू लागते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला छायाचित्रकार योसेफ सुदेक प्रागमधील आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० पासून १९५४ पर्यंत टिपत राहिला. एवढ्याशा काचेत त्याला विषयाचा तुटवडा पडला नाही. माझा निवाडा साधनेच्या बाजूने आहे, मात्र चित्रे चारचौघांस दाखविण्याची घाई नसावी, एवढ्या एका शर्तीवर.