घडवणं की सांभाळणं?



गेल्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "डोळ्यात असं साचतं तरी काय गं?" त्यांनी विचारलं. बी.एस्सी. होऊन तीस वर्षं झाली, तरी मी वाचायला बसले. उत्तर शोधता शोधता माझ्याच एका जुन्या दुखण्यापाशी येऊन थांबले.

आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन सुरुवातीला एक लांब माळ असतं. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ही माळ ठरावीक तऱ्हेनं दुमडते तेव्हाच कामाची होते. घडी बिघडली की मणी तेच, क्रमही तोच, पण काम होत नाही. उलट माळा एकमेकींना चिकटून गोळे होतात. डोळ्याच्या भिंगात असे गोळे झाले की प्रकाश अडतो. तोच मोतीबिंदू.

माळेला आकार शिकवतं कोण? अमेरिकेतले ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी १२४ मण्यांचं एक प्रथिन युरियाच्या द्रावणात पार उलगडून टाकलं. मग युरिया काढून घेतला, तर माळ आपली आपण पुन्हा पहिल्यासारखी दुमडली! या कामासाठी त्यांना १९७२ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. म्हणजे आकार मण्यांच्या क्रमातच असतो.

हे वाचलं आणि पोटात कालवलं. माझ्या मुलानं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले होते, "तू आमचं नाव घालवलंस." त्यानंतर आठ महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. मी त्याला 'घडवत' होते, असं मला वाटायचं.

पण सगळं आतच असेल, तर आई कशाला, गुरू कशाला?

याचंही उत्तर सापडलं, आणि तेही आपल्याच गावात. पेशीच्या आत फार गर्दी असते. अर्धवट दुमडलेली माळ भलत्याच माळेला चिकटू नये म्हणून काही प्रथिनं राखण करतात. भिंगात हे काम अल्फा-क्रिस्टलीन करतं. उप्पल रोडवरच्या सीसीएमबीत डॉ. मोहन राव यांनी त्याच्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. हे राखणदार प्रथिन दुसऱ्याला आकार देत नाही. विस्कटू लागलेल्याला धरून ठेवतं, गोळा होऊ देत नाही, एवढंच. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीची, ती बदलत नाहीत. तरी आपल्याला साठ-सत्तर वर्षं स्वच्छ दिसतं ते या राखणीमुळे. वयाबरोबर राखण करणारेच खर्ची पडतात, मग मोतीबिंदू होतो.

कोणी म्हणेल, मग मुलं वाईट संगतीला लागली तरी गप्प बसायचं? नाही. चुकीच्या ठिकाणी चिकटू न देणं हेच तर राखणदाराचं काम. पण भलतीकडून अडवणं वेगळं आणि आपल्याला हवा तो आकार लादणं वेगळं. मी दुसरं केलं, आणि तेही रागाच्या उष्णतेनं. आपण अंडं खात नसलो तरी माहीत आहे की उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेनं त्यातल्या माळा उलगडून एकमेकींत अडकतात.

तरीही २०१५ साली कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन सोडवून पुन्हा नीट दुमडून दाखवलं. प्रथिनाला ते स्वतः जमत नाही, बाहेरून कोणीतरी खटपट करावी लागते. माणसाचं बरं आहे. त्याला स्वतःहून "माझं चुकलं" म्हणता येतं.

गेल्या रविवारी मी ते मुलाला म्हणाले. तो काही बोलला नाही. जेवताना मात्र त्यानं स्वतःहून वरण मागून घेतलं.

या आठवड्यात आपापल्या घरी एवढंच विचारू या: मी कोणाला घडवायला निघाले आहे, आणि त्याला खरी गरज नुसत्या सांभाळण्याची तर नाही ना?

— एक सेविका, हैदराबाद 🙏