रविवारी राणीच्या बागेत

दत्तक मूल घरी आलं की पहिली दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, ते कसं रुळतंय याचा अहवाल तयार होतो. 2022 च्या दत्तक नियमावलीतली ही तरतूद मला मोलाची वाटते. पण खरं रुळणं दिसतं ते रविवारी, मुंबईच्या राणीच्या बागेत. पेंग्विनसमोरच्या गर्दीत धाकटी दादाचा शर्ट घट्ट धरते, मग डब्यातल्या शेवटच्या पुरीसाठी त्याच्याशीच कडाकडा भांडते. हे भांडण आईबाबांनी लगेच मिटवू नये. हक्क वाटू लागलाय त्याचीच ती खूण! रांगेत कुणी विचारतं, “ही तुमचीच का?” आई सहज “हो” म्हणते. दत्तकाची गोष्ट मुलीला घरी, अगदी लहानपणापासून सांगितलेली आहे. ती इतरांना सांगायची की नाही, हे मोठेपणी तिनंच ठरवायचं.