कास्टला डावी बाजू नको

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत मोटारींच्या नियंत्रकांसाठी सी भाषेत जो कोड लिहिला जातो, तो गाडीच्या आयुष्याइतका टिकावा लागतो. तोवर कंपायलर बदलतो, कधी प्रोसेसरही बदलतो. म्हणून सीच्या प्रमाणाबाहेरच्या सवलतींचा प्रश्न इथे केवळ व्याकरणाचा राहत नाही. प्रमाणानुसार कास्टमधून फक्त मूल्य मिळतं, साठवणीची जागा मिळत नाही. त्यामुळे कास्ट केलेला पॉइंटर बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ठेवता येत नाही, जागच्या जागी वाढवताही येत नाही. जीसीसी हा कंपायलर ही मुभा अनेक वर्षं देत होता. 2004 च्या 3.4 आवृत्तीत त्याने ती कालबाह्य ठरवली आणि 2005 च्या 4.0 मध्ये काढून टाकली. जुना कोड अडला, तक्रारी झाल्या, तरी तो निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे.

या मुभेची बाजू घेणारे सोयीकडे बोट दाखवतात. बाइटच्या पॉइंटरने संदेश वाचताना मध्येच चार बाइटांची संख्या आली, की पॉइंटर इंटचा मानायचा, मूल्य उचलायचं आणि त्याच ओळीत पुढे सरकायचं. पण या एका ओळीत दोन गृहीतकं दडलेली असतात. पहिलं अर्थाचं: जीसीसी अशा लेखनात मूल्य रूपांतरित करून मूळ प्रकारात परत ठेवत असे, तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की त्याच बाइटांकडे वेगळ्या प्रकाराने पाहिलं जातंय. पॉइंटरांच्या बाबतीत दोन्ही अर्थ बहुधा एकाच ठिकाणी पोहोचतात, अपूर्णांकाच्या चलावर इंटचा कास्ट लावला की ते पूर्ण वेगळे होतात. दुसरं गृहीतक पत्त्याचं, आणि ते अधिक घातक. हिंजवडीच्याच केपीआयटीने रेनेसासच्या एसएच आणि एच8 प्रोसेसरांसाठी जीसीसीवर आधारलेला साधनसंच बांधून मोफत दिला होता. त्यातल्या एसएचवर चार बाइटांची संख्या चाराने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचली, तर प्रोसेसर पत्त्याची चूक दाखवून नेहमीचं काम थांबवतो. संदेशातला पहिला बाइट प्रकार सांगणारा असेल, तर पुढची संख्या नेमकी अशाच पत्त्यावर येते. टेबलावरच्या इंटेल संगणकावर तोच कोड सहसा बिनतक्रार चालतो, म्हणून चाचणीत चूक दिसत नाही.

त्याऐवजी चार बाइट मेमकॉपीने इंटच्या चलात उतरवायचे आणि पॉइंटर वेगळ्या ओळीत पुढे सरकवायचा, हा सरळ मार्ग आहे. मेमकॉपीने वेग घटतो, हा आक्षेप आज टिकत नाही. आकार ठरलेला असेल तर कंपायलर ते बोलावणं सहसा थेट वाचनात बदलतो, आणि जुळणारा पत्ता मागणाऱ्या प्रोसेसरवर तशी खात्री नसेल, तर बाइट-बाइट उचलतो. तिथे तेच हवं असतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: लिनक्सचं कर्नल प्रमाणाबाहेरच्या सवलतींवरच उभं आहे, मग नेमकी हीच का नको? व्हॉइड पॉइंटरची बेरीज प्रमाणात नाही, पण जीसीसीने तिचा एकच अर्थ लिहून ठेवला आहे: पायरी एका बाइटची. टाइपऑफ तर सी23 मध्ये प्रमाणच झालं. नावावरून फंक्शन शोधणाऱ्या डीएलसिमने दिलेला व्हॉइड पॉइंटर फंक्शनच्या पॉइंटरात बदलण्याची हमी सीचं प्रमाण देत नाही, पॉझिक्सला मात्र ती लागतेच, कारण त्याशिवाय चालू प्रोग्रामला बाहेरचं फंक्शन सापडणार नाही. या सवलतींनी नवी क्षमता दिली किंवा संदिग्धता न आणता लेखन सोपं केलं. डावीकडच्या कास्टने फक्त काही अक्षरं वाचवली. मोटार उद्योगात मानली जाणारी मिस्रा सी 2012 ही नियमावली भाषाविस्तार टाळायला सल्ला म्हणून सांगते, पण एका प्रकारच्या वस्तूचा पॉइंटर दुसऱ्या प्रकारात कास्ट करण्यावरचा तिचा नियम बंधनकारक आहे, आणि त्यातून सूट हवी असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. डावीकडच्या कास्टसाठी त्या नोंदीत लिहिण्याजोगं एकही कारण मला दिसत नाही.